मागचा डावा ठोकलेला

मंगळवार, ५ मार्च

मरियेत म्हणाली, "अहो, तुमचे संशय मला सांगत जाऊ नका. एक वही घ्या आणि त्यात लिहा. वहीचं डोकं दुखत नाही."

म्हणून ही वही. आणि पहिला संशय असा, की माझ्या गाडीला कुणीतरी हात लावतंय.

आधी गाडीची ओळख. छोटी जपानी जीप, दोन हजार दोनचं मॉडेल. दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, चार गिअरचा ऑटोमॅटिक. एरवी पुढची चाकं गाडी ओढतात, ती घसरली तरच मागची जागी होतात. स्टेपनी मागच्या दारावर. डिकीचा तळ उचलला की त्याचं सहलीचं टेबल होतं, पायांसकट. अम्मानच्या कडेला असलेल्या आमच्या वादी सीरच्या चढांवर याहून शहाणी गाडी मी पाहिलेली नाही, आणि मी सैन्याच्या वाहनशाळेत केस पांढरे केलेत.

गाडी घेतली बातिरकडून. बातिर म्हणजे मरियेतचा भाऊ. "भाऊजी, चारही चांगले!" असं तो छातीवर हात ठेवून म्हणाला. चार म्हणजे चॅसिसचे चार कोपरे. इथे जुनी गाडी घेणारा माणूस आधी ती तपासणी केंद्रात नेतो, ते लोक चारही कोपरे बघून निकाल देतात, आणि तो निकाल गाडीला जन्मभर चिकटतो. मी नेली नाही. मेव्हण्याचा शब्द खड्ड्यावर चढवून खालून बॅटरी मारून बघायची? कॉकेशसहून इथे आलेल्या आम्हा चेर्केस लोकांत असं कुणी करत नाही.

नेली ती नंतर, न तपासता घेतली म्हणून हसणाऱ्या शेजाऱ्याचं तोंड बंद करायला. माझी मुलगी नफसेतही बरोबर होती. खड्ड्यातून एक उंच ताडमाड पोरगा वर आला आणि चारचौघांत म्हणाला, "काका, तीन चांगले. मागचा डावा ठोकलेला. नंतरचा जोडही कच्चा आहे. उतारावर जपून."

त्याचं नाव तेमबोत. इंजिनिअर आहे म्हणे. आणि जानेवारीत याच तेमबोतची वडीलधारी माणसं माझ्या घरी नफसेतला मागणी घालायला आली! मी कॉफी पाजली आणि नाही म्हणालो. ज्याने माझ्या गाडीला नावं ठेवली तो उद्या माझ्या मुलीला ठेवणार नाही कशावरून? नफसेत एक अक्षर बोलली नाही. आमच्याकडे मुली बापासमोर या विषयावर बोलत नाहीत, पण तिला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

तर आजची गोष्ट. रेडिएटरच्या बाटलीतलं पाणी महिनाभर कमी होत होतं. जमिनीवर एक थेंब नाही, म्हणजे कुठेतरी बारीक चीर असणार. आज बॉनेट उघडलं तर बाटली रेषेपर्यंत भरलेली. साधं पाणी नाही, हिरवं कूलंट. मी भरलेलं नाही. पाणी चोरणारा चोर मला समजतो. हा भरून जातो.

शनिवार, ९ मार्च

ड्रायव्हरची सीट मागे सरकवलेली सापडली, पार शेवटच्या खाचेपर्यंत. गाडी रोज नफसेत नेते. तिची शाळा खाली दरीतल्या इराक अल-अमीर गावात आहे, ती तिथे विज्ञान शिकवते. तिची उंची मरियेतच्या कानापर्यंत. त्या सीटवरून तिचा पाय ब्रेकलाही पोचणार नाही.

विचारलं. म्हणाली, "बाबा, शाळेतल्या एका बाईंनी जरा पुढे-मागे करून बघितली. त्यांचे पाय लांब आहेत."

"असल्या लांब पायांच्या बायांच्या हातात गाडी द्यायची नाही. क्लच नसला तरी गाडीला मन असतं."

"बरं, बाबा."

मुलगी गुणी आहे, पण लोकांवर फार लवकर विश्वास ठेवते. या बाबतीत आईवर गेली.

शुक्रवार, १५ मार्च

बातिर जेवायला आला होता. मरियेतने कोंबडीचं अक्रोड घातलेलं शिप्स केलं होतं. एरवी तो वाडगा पुसून खातो. आज चिवडून ठेवलं.

"गाडी काय म्हणते, भाऊजी?"

"रिव्हर्स घेताना वळवली की मागून कण्हते. डिफरन्शियलचं तेल जुनं झालंय. या गाड्यांचं सगळ्यांचंच असतं ते."

"तेवढंच ना? दुसरं काही... मागच्या चाकाचं वगैरे?"

"का? तुला काय वाटतंय?"

"मला कुठे काय? सहज विचारलं. नको असेल तर परत घेतो मी. मनापासून सांगतो."

माझे कान टवकारले. विकलेली गाडी कोण परत मागतं? या गाडीत असं काहीतरी आहे, की त्याला विकून पस्तावा होतोय. मी म्हणालो, "विसर आता. गाडी माझी आहे." त्याने बहिणीकडे पाहिलं, बहिणीने ताटाकडे.

मंगळवार, १९ मार्च

कण्हणं थांबलं!

अंगणात दोनदा पूर्ण वळवून रिव्हर्स घेतली. आवाज नाही. वाकून डिफरन्शियलचा नट बघितला. नव्याने पुसलेला, त्याच्या कडेला ताज्या तेलाचा वास. आणि तेलही भलतंसलतं नाही, या गाडीला चालणारं तेच एक खास तेल. दुसरं घातलं तर महिन्याभरात आवाज परत येतो, हे करणाऱ्याला ठाऊक होतं.

बातिरकडे दुसरी किल्ली असणार. गुपचूप येतो, दुरुस्त करतो, मग एक दिवस घेऊन जाईल. विकत मागून मिळाली नाही म्हणून. मी मरियेतला हे सांगितलं (लिहायच्या ऐवजी, चूक झाली). ती म्हणाली, "माझा भाऊ स्वतःच्या घराचा नळ दुरुस्त करत नाही. तुमची गाडी कशाला करेल?"

मुद्दा बरोबर आहे. म्हणजे बातिरने कुणाला तरी कामाला लावलंय.

रविवार, २४ मार्च

आज गाडी गिअरमध्ये टाकल्यावर जी थरथर व्हायची ती गेली. इंजिन ज्यावर टेकतं ते बाजूचं रबर नवं आहे. काळं कुळकुळीत.

बयादरला अबू ग़ालिबच्या गॅरेजात गेलो. सल्ट गावचा अरब, सैन्यात माझ्या हाताखाली होता, आता पोट सुटलंय आणि जीभही. सगळं ऐकून घेतलं आणि मग चहाचा पेला खाली ठेवून इतका हसला की कामगार बघायला लागले.

"साहेब, सगळ्या अम्मानात लोकांच्या गाडीतून पार्ट जातात. तुमच्या गाडीत येऊन बसतात. तुमचा पत्ता कुणाला देऊ नका म्हणजे झालं, रांग लागेल!"

"हसू नकोस. यात डाव आहे."

"असेल. घरात विचारलंत?"

"घरात कुणाला गाडीतलं काय कळतं?"

त्याने पेला माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "चहा घ्या, साहेब. निवतोय." हाही यात सामील असेल असं वाटत नाही, पण वाटायला हरकत नाही.

बुधवार, २७ मार्च

सैन्यातली युक्ती केली. रात्री नाही, सकाळी नाश्त्याच्या आधी जाऊन पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून खिशात घातला. जो गाडी पळवायला येईल तो किल्ली फिरवत बसेल.

आणि मी खुळ्यासारखा विसरलो की नफसेत शाळेला जाणार. गॅलरीत धावत आलो तोवर गाडी फाटकाबाहेर निघालेली!

दुपारी आल्यावर विचारलं, चालू कशी झाली?

"फ्यूज नव्हता, बाबा. रेडिओला तसलाच असतो, तो काढून तिथे लावला."

"हे तुला कुणी शिकवलं?"

ती किंचित लाल झाली. "तुमचीच मुलगी आहे ना."

माझी छाती फुगली, खोटं कशाला लिहू. जेवताना दोनदा मरियेतला सांगितलं. मरियेत म्हणाली, "हो, ऐकलं." नफसेतच्या नखांत काळं होतं. शाळेत मुलांना सायकली खोलायला शिकवते म्हणे. विज्ञानात आता हेही आलं.

शुक्रवार, २९ मार्च

समोरच्या शौकतकडे बसलो होतो. त्याची मुलगी गेल्या उन्हाळ्यात नेली. तो अजून त्यावरून उसासे टाकतो. नेली म्हणजे आमच्या जुन्या रीतीप्रमाणे. मुलामुलीचं आपसात ठरलेलं, बापाचा नकार. मग मुलाकडची मंडळी तिला गाडीतून एखाद्या मानाच्या म्हाताऱ्याच्या घरी नेऊन ठेवतात, सोबत मुलाची बहीण असते, आणि संध्याकाळच्या आत वडीलधारे बापाच्या दाराशी येऊन सांगतात. मुलीकडचं कुणीतरी जाऊन तिला तोंडावर विचारतं, मनाने आलीस का? हो म्हणाली की बापाने अट घालायची ती घालावी.

शौकत म्हणतो, त्याला आधी सुतराम कल्पना नव्हती.

मी तोंडावर काही बोललो नाही. घरी येऊन मरियेतला म्हणालो, "डोळे कुठे असतात गं या बापांचे? मुलगी घरातून जाते, आणि यांना पत्ता नाही!"

मरियेत हलिव्यांचं, म्हणजे चीज भरून तळायच्या आमच्या करंज्यांचं, पीठ मळत होती. बराच वेळ मळत राहिली.

शनिवार, ६ एप्रिल

आता चढावर गाडी तापत नाही. पूर्वी इराक अल-अमीरहून वर येताना काटा लाल रेषेकडे सरकायचा, नफसेत मध्ये थांबून बॉनेट उघडायची. आज मी स्वतः जाऊन आलो. काटा मध्याच्या खालीच. रेडिएटरच काढून नवा बसवलाय कुणीतरी.

मी ठरवलं, असल्या भुताटकीची गाडी ठेवायची नाही. विकून टाकायची. एक गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात बघायला येतो म्हणालं.

नफसेत दारात उभी होती. "बाबा, अठरापर्यंत थांबता? त्या दिवशी मला लागेल."

"कशाला?"

"एक कार्यक्रम आहे."

शाळेत सतत कार्यक्रम असतात. बरं म्हणालो. गिऱ्हाइकाला एकोणीसला यायला सांगितलं.

शनिवार, १३ एप्रिल

आज एक चमत्कारिक झालं. मी गॅलरीत होतो. नफसेत आली आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. आमच्याकडे मुली बापाशेजारी अशा बसत नाहीत, ती लहानपणानंतर बसलेली नाही. म्हणाली, "बाबा, सैन्यातलं काहीतरी सांगा ना."

मी वाळवंटात ट्रकचा गिअरबॉक्स कसा चादरीवर खोलला ते सांगितलं. तिने हे आधी ऐकलंय, तरी पूर्ण ऐकलं. मध्येच डोळे पुसले. धूळ फार आहे यंदा.

काहीतरी मागायचं असणार, म्हणून मी वाट बघत बसलो. मागितलं काहीच नाही.

गुरुवार, १८ एप्रिल

गाडी गेली.

शाळा सुटून किती वेळ झाला, गाडी नाही. मी फाटकाशी फेऱ्या घातल्या. खरं सांगायचं तर आतून आनंद होत होता, की आता सगळ्यांना कळेल! टोपी घातली आणि मरियेतला म्हणालो, "चौकीत जातो. सांगत होतो की नाही? चोरली!"

मरियेतने आतून माझा चांगला कोट आणला. "हा घाला. आणि बसा. माणसं येतायत."

"कोण माणसं?"

तिने उत्तर द्यायच्या आधीच ती माणसं फाटकाशी उभी होती. तिघे म्हातारे, पुढे गावातले मानाचे हाजी इशाक. काठी टेकून ते म्हणाले, "तुझी मुलगी माझ्या घरी आहे. माझी पाहुणी आहे. तेमबोतची बहीण तिच्या शेजारी बसली आहे. स्वतःच्या मनाने आली असं म्हणते."

आणि माझ्या तोंडून शब्द निघाले ते असे. "आणि गाडी?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हाजी इशाक म्हणाले, "गाडी माझ्या अंगणात आहे. ती स्वतः चालवत आली. मुलाकडच्या पोरांनी तिला आणायला गाडी पाठवली होती, तीत ती बसली नाही. म्हणाली, मला कुणी उचलून नेलं असं माझ्या बाबांना वाटायला नको."

मी आत गेलो. पाहुण्यांना कॉफी मरियेतने दिली.

शुक्रवार, १९ एप्रिल

कुणाशी बोललो नाही. गिऱ्हाईक आलं, त्याला फाटकातूनच परत पाठवलं.

मरियेतला मात्र विचारलं, "तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि दुरुस्त्या?"

"तेमबोतच्या. शाळेच्या मागच्या रस्त्यावर करायचा, ती शिकवत असताना. हळूहळू तीही हात घालायला लागली."

"पळवायची होती म्हणून गाडी तयार केली!"

मरियेतचा आवाज मी इतका चढलेला ऐकलेला नाही. "तुम्ही नाही म्हणालात त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने सुरुवात केली! नेण्याचं तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. तुमची मुलगी रोज तो उतार उतरत होती, म्हणून केली!"

संध्याकाळी बातिर आला. रीतीप्रमाणे मुलीला विचारायला मामाने जायचं. तो दारातच उभा राहिला. "जातो. पण आधी एक सांगतो, भाऊजी. मागचा डावा ठोकलेला होता. मला ठाऊक होतं. नफसेत ती चालवणार हे ठाऊक नव्हतं. कळल्यापासून झोप नाही मला."

मी त्याला आत ये म्हणालो नाही, जा असंही म्हणालो नाही. थोड्या वेळाने तो गेला.

शनिवार, २० एप्रिल

सकाळी हाजी इशाकांचा नातू गाडी फाटकात लावून गेला. माझी वस्तू मला परत.

मी चटई घेतली, जॅक लावला आणि गाडीखाली शिरलो. डाव्या मागच्या बाजूला. बातिरकडून आणल्यापासून मी त्या कोपऱ्यात एकदाही बघितलेलं नव्हतं. इंजिन बघितलं, डिफरन्शियल बघितलं, फ्यूज मोजले. तिकडे नाही.

चॅसिसला जुनी घडी आहे. कागदाला पडते तशी, सरळ. तो कच्चा जोड कापून काढलाय आणि नवा भक्कम पत्रा मारलाय, वेल्डिंग सलग, घाई न केलेली. चाकाला चॅसिसशी धरून ठेवणारा आर्म नवा. बोल्ट नवे. जुना आर्म कापडात गुंडाळून डिकीतल्या टेबलाखाली ठेवलेला सापडला. त्याला तडा होता. माझं बोट त्यात गेलं.

त्या आर्मवर ती रोज उतरत होती. मला चारचौघांत सांगितलं होतं, उतारावर जपून.

मी चटईवर तसाच पडून राहिलो. हे करून कुणाला काय मिळणार, कोण काय लुबाडणार, एवढंच मी दीड महिना शोधत होतो. ती धड घरी पोचावी, एवढंच एखाद्याला हवं असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. बापाच्या डोक्यात आलं नाही. मला फार लाज वाटली.

दुपारी तिघे म्हातारे परत आले, बरोबर बातिर. बातिर म्हणाला, "विचारलं. मनाने आली. आणि म्हणाली, बाबा नाही म्हणाले तर मी परत येईन. पण मग दुसऱ्या कुणाला हो म्हणणार नाही."

हाजी इशाकांनी काठी पुढे धरली. "तुझी अट सांग. तुझा हक्क आहे."

सगळे तयारीने बसले होते. माझा स्वभाव गावाला ठाऊक आहे.

मी म्हणालो, "अट एकच. गाडी इथे ठेवायची नाही. तिची आहे, तिच्याकडे राहील."

"मान्य. आणि मुलाबद्दल?"

"त्याचं काम कच्चं आहे," मी म्हणालो. मरियेतने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. "पुढच्या उजव्या अ‍ॅक्सलचं रबर फाटलंय, ग्रीस बाहेर येतंय. हे त्याच्या नजरेतून सुटलं. शुक्रवारी त्याने इथे यायचं. दोघं मिळून बदलू."

म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. हाजी इशाक घसा साफ करून म्हणाले, "अरे, जावई इतक्यात सासऱ्याच्या समोर येत नाही. कितीतरी महिने येत नाही. तोंड दाखवणं म्हणजे निर्लज्जपणा. तू स्वतः तुझ्या सासऱ्याला टाळून मागच्या गल्लीने जायचास, मी पाहिलंय."

"तोंड कुठे दाखवायचंय? तो गाडीखाली असेल. मी वर."

हाजी इशाकांनी बराच विचार केला. बाकीच्या दोघांकडे पाहिलं. मग म्हणाले, "याच्या आड रीत येत नाही."

शुक्रवार, २६ एप्रिल

आला. मी मागच्या दाराने अंगणात गेलो तोवर तो खाली शिरलेला होता. फक्त पाय दिसत होते, गुडघ्यापासून पुढे, लांबच्या लांब. बूट पॉलिश केलेले. ग्रीसच्या कामाला पॉलिश करून कोण येतं?

बोलायचं नव्हतं, त्यामुळे कुणी बोललं नाही. खालून हात आला, तळवा वर. काय हवंय ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी मोठा पाना ठेवला. बरोबर होता. मग हातोडा. मग फडकं. रबर बसवताना पट्टी सुटली की बोटं सोलतात, म्हणून मी वरून अ‍ॅक्सल धरून ठेवला, काम होईपर्यंत. हात भरून आले, पण सोडला नाही.

मरियेतने गरम हलिव्यांची बशी आणली आणि कुठे ठेवू म्हणून उभी राहिली. मी ती घेतली, वाकलो आणि गाडीखाली सरकवली. जरा वेळाने बशी बाहेर आली, रिकामी, पुसलेली.

मी गाडीकडे पाठ करून म्हणालो, "मरियेत, त्याला सांग, वेल्डिंग चांगलं आहे."

ती माझ्या शेजारीच होती, तो हातभर अंतरावर खाली. तिने वाकून सांगितलं, "म्हणतात, वेल्डिंग चांगलं आहे."

गाडीखाली पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

मी घरात निघून आलो, म्हणजे त्याला बाहेर पडता यावं. माझा मोठा पाना त्याच्याकडेच राहिलाय. नफसेतबरोबर पाठवतो म्हणालाय म्हणे. बघू, पाठवतो का.